सावडायला कधी जायचं?

घरातलं माणूस गेलं की पहिले काही तास माणसं कशीबशी निभावून नेतात. डॉक्टरांचा दाखला, मुंबईला फोन, लाकडं, तिरडीचं सामान, भटजी. शेजारपाजार धावून येतो आणि एकेक काम मार्गी लागतं. खरी चलबिचल सुरू होते ती स्मशानातून परतल्यावर. पडवीत बसलेल्या चौघांची चार मतं असतात. उद्या सकाळीच सावडून घेऊ, पोरांना रजा नाही, असं एक जण म्हणतो. तिसऱ्या दिवसाआधी राखेला हात लावायचा नाही, असं दुसरा सांगतो. तेवढ्यात परदेशातल्या लेकीचा फोन येतो, "मी पोहोचेपर्यंत थांबाल ना?" आणि तिला ठाम उत्तर द्यायची कुणाची हिंमत होत नाही. मुरुड, नांदगाव, राजपुरी, एकदरा या आपल्या पट्ट्यात जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत किंवा आखातात आहे. त्यामुळे हा प्रश्न इथे दर वेळी उभा राहतो.

उत्तर आधी सांगतो. लाकडाच्या चितेवर दहन झालं असेल तर अस्थी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळू शकतात आणि तिसऱ्या दिवशी निर्धास्तपणे मिळतात. विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी असेल तर बहुतेक वेळा त्याच दिवशी, दोन-तीन तासांत. दहन परदेशात झालं असेल तर तिथल्या पद्धतीप्रमाणे एक-दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. एकदा अस्थी हाती आल्या की विसर्जनाची घाई नसते. लेकीला 'ये, आम्ही थांबतो' असं खुशाल सांगावं.

लाकडाच्या चितेला इतका वेळ का लागतो, हे नीट समजून घेतलं तर निम्मी वादावादी मिटते. एका प्रौढ देहाला साधारण तीनशे किलो लाकूड लागतं. संध्याकाळी पाचला अग्नी दिला तर मोठ्या ज्वाळा रात्री आठ-नऊपर्यंत राहतात. मग निखाऱ्यांचा ढीग उरतो आणि तो रात्रभर आतून धुमसत असतो. सकाळी वरची राख पांढरी आणि गार दिसते. वीतभर खाली मात्र इंगळ जिवंत असतात. दुसऱ्या दिवशी सावडायला गेलेल्यांचे हातपाय पोळतात ते याच फसवणुकीमुळे. म्हणून दुसऱ्याच दिवशी सावडायचं असेल, तर आदल्या दिवशी अग्नी शक्यतो दुपारपूर्वी द्यावा आणि सकाळी कुणीतरी जाणत्याने आधी जाऊन लांब सळईने राख पसरून ठेवावी. पसरलेली राख तासाभरात निवते. उलट, गरम ढिगावर एकदम बादल्या ओतल्या तर वाफेचा लोट अंगावर येतो आणि तापलेल्या अस्थी तडकून त्यांचा चुरा होतो. पाणी शिंपडायचं ते शेवटी, थोडं थोडं.

शास्त्राचं काय, हा पुढचा प्रश्न. अस्थिसंचयनाला सगळ्यांनी मानलेला असा एकच दिवस नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात कृष्ण पक्षातल्या दशमीनंतरची विषम तिथी सांगितली आहे. नंतरच्या ग्रंथांनी वेगवेगळे दिवस दिले. आपल्याकडे रूढ झाला तो तिसरा दिवस आणि सोयीने दुसराही. तुमच्या घराण्याची रीत असेल तर ती पाळा. पण शेजारच्या घराची रीत वेगळी आहे म्हणून तुमची चुकीची ठरत नाही. लता मंगेशकरांचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. ६ फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर दहन झालं, दुसऱ्या दिवशी घरच्यांनी अस्थी घेतल्या आणि १० फेब्रुवारीला नाशिकच्या रामकुंडावर त्यांचं विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सावडून मग तीन दिवस थांबणं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे हे सगळं गणित बिघडतं. जून ते सप्टेंबर लाकूड दमट असतं. छपराखालीही वाऱ्याने झड आत येते. चिता पेटायला वेळ लागतो आणि ज्वाळा लवकर दबतात. अशा वेळी कुणीतरी टायर टाकायला सुचवतो. तो टाकू देऊ नका. त्याचा धूर विषारी असतो आणि उरलेला काळा चिकटा अस्थींना कायमचा बसतो. त्यापेक्षा नारळाची सुकी सोडणं, झावळ्या, गोवऱ्या आणि थोडा राळ-कापूर यांनी तळ नीट पेटवून घ्यावा, सर्वांत सुकी लाकडं खाली व छातीच्या बाजूला रचावीत आणि ज्वाळा पूर्ण बसेपर्यंत दोन-तीन जाणती माणसं थांबावीत. पावसात निखारे लवकर विझतात, त्यामुळे सकाळी सगळं गार दिसतं. पण गार झालं म्हणजे दहन पूर्ण झालं असं नव्हे. म्हणून अशा दिवसांत घरच्या मंडळींनी जाण्याआधी एखाद्या बाहेरच्या माणसाने एकट्याने जाऊन बघून यावं. काही उरलं असेल तर थोडी लाकडं घालून पुन्हा अग्नी द्यावा लागतो. त्याला एक दिवस जास्त गेला तर जाऊ द्यावा. मुलाने किंवा पत्नीने ते दृश्य बघायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष सावडणं. सकाळी उन्हाच्या आत जावं. सोबत पत्र्याचं घमेलं, लांब चिमटा किंवा सळई, पाण्याची कळशी, दूध, एक चाळण, नवं मडकं किंवा तांब्याचा कलश, आणि स्वच्छ सुती फडकं घ्यावं. पायांत जाड तळाची चप्पल असावी. अनवाणी जाण्याचा आग्रह कुणी धरला तरी निखाऱ्यांच्या जागी तो ऐकू नये. अग्नी दिला तेव्हा पाय कुठल्या बाजूला होते, हे आदल्या दिवशीच एखाद्याने लक्षात ठेवावं, कारण अस्थी पायांकडून सुरुवात करून डोक्याकडे वेचायच्या अशी जुनी रीत आहे. आश्वलायनाने तर अंगठा आणि अनामिकेत एकेक अस्थी धरून, आवाज न करता पात्रात ठेवायला सांगितलं आहे. हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी त्या आवाजाचा विचार करावासा वाटला, हे मला फार मोलाचं वाटतं. घाईघाईने फावड्याने ओढून घमेलं भरण्यापेक्षा पंधरा मिनिटं जास्त लागू द्यावीत.

जे हाती येतं ते पांढुरक्या, हलक्या, सच्छिद्र तुकड्यांच्या रूपात असतं. देहातलं सगळं जळून जातं आणि हाडांतला कॅल्शियम फॉस्फेट तेवढा उरतो. प्रौढ माणसाच्या अशा अवशेषांचं वजन साधारण दोन ते तीन किलो भरतं. लाकडाची राख त्यात मिसळली की ढीग मोठा दिसतो. सगळी राख उचलायलाच हवी असं नाही. वेचलेल्या अस्थी आणि ओंजळभर राख पुरे. उरलेली राख गावच्या रिवाजाप्रमाणे पाण्यात सोडतात किंवा तिथेच जागा साफ करून एका कडेला सारतात.

ज्या दगडाने मडकं फोडतात तो अश्मा, म्हणजे जीवखडा, ज्यांच्याकडे मानतात त्यांनी पहिल्याच दिवशी फडक्यात गुंडाळून एका माणसाच्या ताब्यात द्यावा. दहाव्यापर्यंत तो लागतो, आणि गर्दीत नेमका तोच हरवतो.

अस्थी वाटून घ्यायच्या असतील तर ते तिथेच, त्याच वेळी ठरवा. थोड्या इथे समुद्रात, थोड्या नाशिकला, थोड्या येणाऱ्या लेकीसाठी, असं पुष्कळ घरांत असतं. नंतर बांधलेलं मडकं सोडून वाटणी करायला कुणाचंच मन घेत नाही. लहान मडकी जास्त न्यावीत. प्रत्येक पात्राला नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी. स्मशानातल्या झाडाला एकाच आठवड्यात दोन-तीन मडकी टांगलेली असतात आणि सगळ्यांवर सारखंच फडकं असतं. चिठ्ठी नसली तर ऐन वेळी घोटाळा होतो.

जपून ठेवण्याबाबत एकच गोष्ट महत्त्वाची: ओल. दूध, दही, मध शिंपडलेल्या अस्थी तशाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या की आपल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, वास येतो, आणि मग घरातली माणसं अपशकुनाच्या गोष्टी बोलू लागतात. ज्या अस्थी थांबवून ठेवायच्या आहेत त्यांच्यावर दूध घालूच नका. नुसत्या पाण्याने निववून सावलीत सुती कापडावर पूर्ण सुकू द्या आणि मग मडक्यात भरा. सुक्या अस्थी कितीही दिवस राहतात. घरात आणायच्या नसतील तर पडवीबाहेर उंच जागी किंवा परसातल्या झाडाला टांगाव्यात. कुत्रं-मांजर पोहोचणार नाही आणि पाऊस लागणार नाही एवढं बघावं.

किती दिवस थांबावं याची धास्ती घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. श्यामजी कृष्ण वर्मा १९३० मध्ये जिनीव्हात वारले. त्यांच्या अस्थी भारतात आल्या २००३ मध्ये. महात्मा गांधींच्या अस्थींचा एक कलश दुबईतल्या एका कुटुंबाकडे राहिला होता. तो मुंबईच्या मणिभवनात आला आणि ३० जानेवारी २००८ रोजी, साठ वर्षांनी, गिरगाव चौपाटीवर त्याचं विसर्जन झालं. दहा दिवसांच्या आत विसर्जन व्हावं असा संकेत आहे, आणि जमत असेल तर तो पाळणं सोयीचंही आहे, कारण माणसं जमलेली असतात. पण मुलगी बाराव्या दिवशी येणार असेल तर बाराव्या दिवशी करा. आपल्या माणसाला निरोप देताना आपण तिथे नव्हतो, ही सल जन्मभर राहते. आठ दिवस टांगून ठेवलेलं मडकं मात्र वर्षभरानंतर कुणाच्या लक्षातही नसतं.

विसर्जनाची वेळ गुरुजींना विचारताच, तशी एकदा समुद्रालाही विचारा. मुरुडचा किनारा उथळ आणि लांबवर पसरलेला. भरतीच्या पाण्यात सोडलेल्या अस्थी, फुलं, फडकं, सगळं तासाभरात पुळणीवर परत येतं आणि संध्याकाळी फिरणाऱ्यांच्या पायांत येतं. कोळी बांधव वापरतात तो हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ; म्हणजे सकाळी आणि रात्री साधारण सव्वाआठला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, म्हणून बंदरावर कुणालाही विचारून खात्री करून घ्यावी. पूर्ण भरती होऊन पाणी उलटलं की पहिल्या तास-दीड तासात विसर्जन करावं. तेव्हा पाणी जवळही असतं आणि ओढ बाहेरची असते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते शांत. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला जोर फार. गुडघाभर पाण्याच्या पुढे जायचं कारण नाही, आणि लाटेकडे पाठ करून उभं राहू नये. पावसाळ्यात तर किनाऱ्याचा हट्टच सोडावा आणि खाडीच्या बाजूला, धक्क्यावरून, दोघांनी मिळून उरकावं. होडीतून आत जाऊन विसर्जन करायचं असेल तर जून-जुलै सोडून. त्या काळात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि तुमच्या आग्रहाखातर कुणी दर्यात उतरावं असं म्हणणंही बरं नव्हे.

पाण्यात फक्त अस्थी आणि सुटी फुलं जावीत. प्लास्टिक, नायलॉनचं फडकं, फोटोची चौकट, गेलेल्याची औषधं आणि चष्मा, हे सगळं समुद्रात टाकलेलं मी पाहिलं आहे. त्या चष्म्याचा पुढे कुणाला उपयोग झाला असता.

तीर्थक्षेत्री जायचं असेल तर आपल्याला हरिहरेश्वर जवळचं. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, तिथून श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वर, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ जातानाच विचारून ठेवा. वारा जास्त असला तर फेरी रखडते. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग समुद्रालगतच्या खडकांवरून जातो. तो ओहोटीतच करावा. भरतीच्या वेळी या खडकांवरून लाटेने माणसं ओढून नेली आहेत. एका मरणाच्या कार्यासाठी गेलेल्या घराला दुसरा घाला बसू नये, म्हणून भटजींची वेळ आणि ओहोटीची वेळ जुळत नसेल तर प्रदक्षिणा सोडून द्या. नाशिकच्या रामकुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे. तिकडे जायचं तर एक मुक्काम धरून चला, सगळ्या घराने जाण्याची गरज नाही.

समुद्र आणि तीर्थ यापलीकडेही वाट आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर २०१३ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या चितेला अग्नी मुलीने, मुक्ताने, दिला आणि त्यांच्या अस्थी कोणताही विधी न करता घरच्या शेतात पसरल्या. आपल्याकडे वाडीत नारळ-सुपारी लावण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या अस्थी वाडीतच राहाव्यात असं घराला वाटलं तर त्यात कमीपणा काही नाही. झाडाच्या अगदी बुंध्यात ढीग मात्र घालू नका. ही राख क्षारयुक्त असते. मातीत भरपूर मिसळून, जरा लांब आळ्याच्या कडेने, थोडी थोडी पसरावी. आणि मुलीने, बायकोने सावडायला जायचं की नाही, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ज्याने आजारपण उशाशी बसून काढलं, त्याचा पहिला हक्क.

मुंबई-पनवेलला दवाखान्यात माणूस गेलं आणि दहन तिथेच केलं, तर गोष्टी वेगाने होतात. दाहिनीत साधारण तास-दीड तास, मग निवायला वेळ, आणि अस्थी ताब्यात. ज्येष्ठांच्या मनात अजून दाहिनीबद्दल किंतु असतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांचं दहन १९६६ मध्ये त्यांच्याच इच्छेप्रमाणे मुंबईत विद्युतदाहिनीत झालं, हे त्यांना सांगून बघावं. देह आत घेतला की पावती जपून ठेवा, अस्थी किती वाजता मिळतील ते विचारा, आणि शक्य असेल तर घरचं एक माणूस तिथेच थांबवा. सगळे निघून गेले आणि दोन दिवसांनी कुणीतरी आणायला गेलं, तर शोधाशोध होते. बऱ्याच ठिकाणी अस्थी नावानिशी ठेवण्याची सोय असते, पण ती किती दिवस, हे आधीच कळलेलं बरं.

परदेशातलं वेळापत्रक वेगळं. इंग्लंडमध्ये दहनालाच तारीख मिळायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. दहनानंतर अस्थी एक-दोन दिवसांत मिळतात. अमेरिकेत अंत्यसंस्काराचं काम बघणाऱ्या संस्थेकडून त्या मिळेपर्यंत आठवडा, कधी दोन आठवडे जातात. तिथे अस्थींची बारीक पूड करून देतात, तुकडे दिसत नाहीत. इथल्या आई-वडिलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पिशवी उघडल्यावर धक्का बसतो. सौदी अरेबियात दहनाची सोय नाही, तिथून देहच आणावा लागतो. अस्थी विमानाने आणताना मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय दूतावासाचं किंवा वाणिज्य दूतावासाचं ना हरकत पत्र लागतं. दूतावासात मृताचा पासपोर्टही रद्द करून घ्यावा लागतो. कलश लाकडी किंवा प्लास्टिकचा असावा. धातूच्या कलशातलं तपासणीच्या यंत्राला दिसत नाही आणि तो विमानतळावर अडतो. सामानात न देता हातातच ठेवावा.

या धांदलीत एक काम मागे पडतं, मृत्यूची नोंद. ती २१ दिवसांच्या आत केली तर विनाशुल्क होते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे वरच्या अधिकाऱ्याची परवानगी आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, असा त्रास वाढत जातो. नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, दहन झालं तिथे नाही. माणूस मुंबईच्या दवाखान्यात गेलं आणि दहन मुरुडला झालं, तर दाखला मुंबई महापालिकेकडूनच घ्यायचा. मुरुड नगरपरिषदेत खेटे घालून उपयोग नाही. घरी मृत्यू झाला असेल तर गावात ग्रामपंचायत, मुरुड शहरात नगरपरिषद. डॉक्टरांनी दिलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र आणि स्मशानाची पावती, दोन्ही एकाच पाकिटात ठेवा आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच लिहिलं गेलं का, वडिलांचं की नवऱ्याचं नाव आलं, हे अर्ज देतानाच तपासा. नंतरच्या दुरुस्तीला महिने जातात. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच मागून घ्या. बँक, विमा, पेन्शन आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद, सगळीकडे तो लागतो, आणि मुंबईची मंडळी दहाव्या-बाराव्याला गावात असतात तोवर या कामांसाठीच्या सह्याही होऊन जातात.